बाय मला किडनी देणार होती

माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते. घरात सगळ्यांनी, कोणी बोलून तर कोणी न बोलता, माझ्या जाण्याची तयारी मनात करून ठेवली होती. मी अजून आहे. गेली ती माझी मोठी बहीण, जिला कधी साधा ताप आलेला मला आठवत नाही.

तिचं नाव हिरा. मी तिला बाय म्हणायचे. आम्ही सख्ख्या बहिणी आणि सख्ख्या जावाही. तिचं लग्न झाल्यावर काही वर्षांनी तिच्या धाकट्या दिराशी, दिलीपशी, माझं लग्न झालं. तिनेच जमवलं. आईला म्हणाली, "सुनीला दुसऱ्याच्या घरात कोन सांभाळंल? माझ्याकडंच दे." त्यामुळे लग्नात मी फारशी रडले नाही. माझं निम्मं माहेर आधीच सासरी जाऊन बसलं होतं.

ज्यांच्या घरात डायलिसिस चालू आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून मी हे लिहायला घेतलं. पण लिहायला बसले की आजाराआधी बाय येते. मग मी ठरवलं, येऊ दे. तिला बाजूला काढलं तर माझ्या आजारात सांगण्यासारखं उरतं तरी काय?

खाडीकाठची

आमचं माहेर नायगावजवळ, खाडीकाठी. आता तिथे उंच इमारती आहेत. तेव्हा भातशेती होती आणि पलीकडे मिठागरं. वडील लवकर गेले. आई मिठागरावर कामाला जायची आणि मी बायच्या कडेवर असायचे. सातवीनंतर तिची शाळा सुटली. माझी तिने सुटू दिली नाही.

ओहोटीला ती चिखलात उतरायची चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, पकडायला. गुडघाभर चिखल, आणि बाय बिळात खांद्यापर्यंत हात घालून पालथी पडलेली. मी काठावर टोपली धरून उभी. एकदा चिंबोरीने तिचं बोट धरलं. तिने हात ओढला नाही, ओरडलीही नाही. तोंड वाकडं करून तशीच पडून राहिली. बऱ्याच वेळाने हात बाहेर आला, रक्ताने आणि चिखलाने माखलेला, आणि त्यात चिंबोरी. "मोठी हाय," ती म्हणाली. एवढंच.

लग्नानंतर ती वसईच्या बाजारात भाजी विकायला बसायची. वाल, वांगी, तांबडा माठ, जे घरच्या जमिनीत येईल ते. तिचा आवाज मोठा आणि जीभ सरळ. गिऱ्हाइकाला सांगायची, "ही भेंडी नको घेऊ, जून झालीय." गिऱ्हाईक हसायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच यायचं. मला माणिकपूरच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी लागली तेव्हा तिने शेजारच्या सगळ्या भाजीवाल्यांना पेढे वाटले आणि मला म्हणाली, "आता खुर्चीवर बसनार तू. पंखा असंल ना वर?"

निदानाचा दिवस

काही महिने मला धाप लागत होती. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला असायचा. मी ते दगदगीवर ढकललं. मग एकदा ऑफिसात चक्कर येऊन पडले आणि रक्त तपासलं.

डॉक्टरांसमोर आम्ही तिघं बसलो होतो. मी, दिलीप आणि बाय. डॉक्टर शांतपणे सांगत होते आणि मी त्यांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते. 

"औषध लिवून द्या," बाय म्हणाली.

"औषधाच्या पलीकडे गेलंय, मावशी. डायलिसिस करावं लागेल."

"किती दिवस?"

"कायम. किंवा दुसरी किडनी बसवेपर्यंत."

"बसवता येते ना? मग माझी घ्या. मना दोन हायत."

डॉक्टर किंचित हसले. "इतकं सोपं नसतं ते."

"मग अवघड असंल तसं करा," बाय म्हणाली.

बाहेर आल्यावर दिलीप भिंतीला टेकून उभा राहिला. त्याला साखर आहे, त्यामुळे त्याची किडनी चालणार नाही हे डॉक्टरांनी त्याच बैठकीत सांगितलं होतं. बायने त्याच्या हातात रिपोर्ट दिले, माझा दंड धरला आणि रिक्षा थांबवली.

आठवड्यातून तीनदा

डायलिसिस म्हणजे नेमकं काय, ते डॉक्टर सांगतील. मी फक्त तिथे कसं वाटतं ते सांगते. हातात दोन जाड सुया असतात. आपलंच रक्त आपल्या डोळ्यांसमोर नळीतून बाहेर जातं आणि परत येतं. थंडी वाजते. शेवटी शेवटी पोटरीत असा गोळा येतो की माणूस लाज सोडून विव्हळतो. घरी आल्यावर उरलेला दिवस उपसलेल्या विहिरीसारखा जातो. दुसऱ्या दिवशी जरा माणसात आल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जायचं असतं.

दिलीपची रजा संपली. कारखान्यात नेहमी नेहमी सुट्टी मिळेना. मग बाय माल पहाटे बाजारात उतरवून, उरलेला शेजारणीवर सोपवून माझ्यासोबत माणिकपूरच्या डायलिसिस सेंटरला येऊ लागली. आत नातेवाइकांना बसू देत नसत. ती सिस्टरना वालाच्या शेंगा देऊन आत यायची आणि माझ्या पायाशी स्टुलावर बसायची. पोटरीत गोळा आला की दोन्ही अंगठ्यांनी दाबायची. "रड," म्हणायची. "इथं कोन वळखीचं हाय?"

सगळ्यात वाईट तहान. सुयांची सवय होते, तहानेची होत नाही. दिवसभरात मोजकंच पाणी प्यायचं. आमटी आणि चहाही त्यातच धरायचा. मे महिन्यात जीभ टाळूला चिकटायची. घरातल्या कोणीही तांब्या उचलला की माझी नजर त्याच्या गळ्यावर जायची. त्या दिवसांत एकदा मी मागच्या पडवीत गेले, तर बाय दाराआड उभी राहून घाईघाईने पाणी पीत होती, चोरी करावी तशी. तेव्हा मला कळलं की कित्येक महिन्यांत मी तिला पाणी पिताना पाहिलंच नव्हतं. मला पाहून तिने तांब्या खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. 

मला खारं चालत नाही म्हणून तिने घरात सुकट आणि सुके बोंबील आणणंच बंद केलं. तिचे यजमान, माझे मोठे दीर, यांना मी दादा म्हणते. त्यांचा टेम्पो आहे. सुकटीशिवाय त्यांचं जेवण होत नसे. ते मुकाट्याने वरणभात जेवू लागले.

पावसाळ्यात एकदा माणिकपूरला पाणी भरलं. रिक्षा बंद. माझी डायलिसिसची एक पाळी चुकलेली होती, दुसरी चुकली असती तर छातीत पाणी चढलं असतं. दादांनी टेम्पो काढला. रस्ता कुठे आणि गटार कुठे कळत नव्हतं. बाय खाली उतरली, साडी खोचली आणि हातात काठी घेऊन टेम्पोच्या पुढे चालू लागली, पाणी चाचपत. मी काचेतून तिची पाठ बघत होते. पाणी तिच्या कमरेपर्यंत होतं. सेंटरच्या पायरीवर मला सोडून ती साडी पिळत उभी राहिली आणि सिस्टरना म्हणाली, "आनलीय. घ्या आता आत."

तपासण्या

बायचा रक्तगट जुळला. पुढच्या तपासण्याही जुळत गेल्या. तिने अख्ख्या बाजारात सांगितलं. बायका तिला समजवायला येत. कोणी म्हणे, एक काढली की माणूस अर्धा होतो. बाय म्हणे, "माझं अर्ध पन तुमच्यापेक्षा जास्त हाय."

तिची मुलगी वैशाली लग्न होऊन विरारला राहते. तिला हे पटत नव्हतं. "आई आता पन्नाशीला आलीय," ती मला म्हणाली. रागाने नाही, काळजीने. दादांना विचारलं तर ते म्हणाले, "तिला द्यायची हाय ना, देऊ दे."

बाय त्या दिवसांत बारीक झाली होती. ब्लाउज सैल व्हायला लागले होते. "बरं झालं, साडी नीट बसते," म्हणायची. पाठ दुखते म्हणून संध्याकाळी मानसीकडून, माझ्या मुलीकडून, बाम चोळून घ्यायची. टोपल्या उचलून पाठ दुखणारच, असं ती म्हणाली आणि आम्हा सगळ्यांना ते खरं वाटलं.

किडनीच्या रक्तवाहिन्या बघायला म्हणून तिचा सीटी स्कॅन झाला. डॉक्टरांनी बोलावलं. आम्ही दोघीच गेलो. त्यांनी विचारलं, "सोबत कोणी आलं नाही?"

"ही हाय ना," बाय म्हणाली.

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. "हिराबाई, तुमच्या किडन्या उत्तम आहेत. पण स्वादुपिंडावर एक गाठ दिसतेय. यकृतावरही डाग आहेत."

मला सगळं कळलं. तिला कळलं नव्हतं. "म्हंजे किडनी चालंल ना?" तिने विचारलं.

"नाही. आता नाही घेता येणार."

ती खुर्चीत वळली. माझ्याकडे अशी बघू लागली, जणू बाजारातून माझ्यासाठी काही आणायचं कबूल करून ती रिकाम्या हाताने परतली होती.

"सुनी," ती म्हणाली, "मी तुला फसवली गो."

दोन खाटा

बायला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यायला लागलो. शस्त्रक्रिया होणार नव्हती. केमो द्यायचं ठरलं. दादा आणि वैशाली तिला घेऊन जायचे आणि त्या दिवशी मी एकटी माणिकपूरला जायचे. रिक्षात शेजारची जागा रिकामी. पोटरीत गोळा आला की सिस्टर येऊन पाय दाबायच्या आणि मला वाटायचं, बायला आता सुई लावली असेल.

पुढच्या खोलीत आमच्या दोन खाटा समोरासमोर टाकल्या. मला पाणी प्यायला बंदी आणि तिच्या घशाखाली पाणी उतरेना. मानसी कॉलेजमधून येऊन दोघींचं जेवण वेगवेगळं करायची. दिलीप आणि दादा एकमेकांशी बोलेनासे झाले. भांडण नव्हतं. काय बोलायचं तेच राहिलं नव्हतं.

बायचे डोळे पिवळे झाले. बाजारात घुमणारा तिचा आवाज इतका बारीक झाला की मला उठून तिच्या तोंडाशी कान न्यावा लागे. एकदा तिला निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या त्या लहान माशांचं, कालवण खावंसं वाटलं. दादा म्हातारपणाच्या उंबरठ्यावर स्वतः चिखलात उतरले आणि खाडीतून निवट्या घेऊन आले. तिने चमचाभर रस्सा जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि ताट बाजूला केलं. दादा परसात जाऊन बराच वेळ हातपाय धूत राहिले.

एका दुपारी ती मला म्हणाली, "मुंबईच्या डॉक्टरला विचारला मी. मी मेल्यावर तरी माझी किडनी हिला लावा म्हटला. नाय म्हनला."

"बाय, हे बोलू नको."

"किडनीला काय झालं नाय ना माझ्या? चांगली हाय म्हनला ना तो? मंग चांगली वस्तू जाळायची कशाला?"

मी तिला समजावलं की तिच्या आजाराच्या पेशी किडनीसोबत माझ्यात येऊ शकतात. तिने ऐकून घेतलं. पण तिला ते पटलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. स्वतःच्या मरणावर तिला इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, जितकी ती त्या किडनीवरून चिडली.

मी देवाला किती काय बोलले ते इथे लिहीत नाही. आजारी माणूस शांत होतो, शहाणा होतो, असं वाचलं होतं. मी झाले नाही. मला तिच्या जागी मरायचं होतं आणि तेही जमत नव्हतं, कारण मशीन मला जगवत होतं.

ती गेली तेव्हा

ती गेली तेव्हा मी मशीनवर होते.

दिलीप दारात येऊन उभा राहिला. कारखान्याच्या वेळेत तो कधी येत नसे. सिस्टर त्याला म्हणाल्या, "अजून वेळ आहे हो."

"होऊ द्या पूर्ण," तो म्हणाला. आत आला आणि बायच्या स्टुलावर बसला.

"गेली?" मी विचारलं.

त्याने मान हलवली.

मी सिस्टरना म्हटलं, काढा सुया. त्या जवळ आल्या. त्यांना बाय माहीत होती. त्यांचेही डोळे भरले होते. पण त्या म्हणाल्या, "ताई, आज अर्धवट सोडलं तर पुढचे दोन-तीन दिवस तुम्हाला घरातल्या गर्दीत कोण बघणार?" दिलीप म्हणाला, "दादांचा फोन होता. म्हणाले, तिचं पुरं होऊ दे. तोवर आम्ही थांबतो."

म्हणून माझी बहीण अंगणात वाट बघत राहिली आणि मी तिथे पडून माझं रक्त नळीतून फिरताना बघत होते. रडताना हात हलवायचा नसतो. नाहीतर मशीन वाजतं.

घरी पोचले तर तिला हिरवी साडी नेसवली होती. कपाळभर कुंकू. बायका म्हणत होत्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मला त्या प्रत्येकीला घराबाहेर काढावंसं वाटलं.

बाराव्याला सगळे पांगल्यावर वैशाली माझ्या खाटेशी आली. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. "तिची पाठ दुखत होती तेव्हा ती तुझ्यासोबत रिक्षात होती," ती म्हणाली. "तुझ्या मागे धावता धावता तिने स्वतःकडे बघितलंच नाही." मग उठून म्हणाली, "येते मी, काकी."

जन्मापासून ती मला मावशी म्हणत होती. नात्याने मी तिची काकीही आहेच, तेव्हा तिचं काही चुकलं नाही. पण तेव्हापासून ती मला काकीच म्हणते.

डॉक्टरांनी मला सांगितलंय की ही गाठ लपून राहते, उलट माझ्यामुळे ती सापडली तरी. हे मी वैशालीला सांगितलेलं नाही. स्वतःची बाजू मांडल्यासारखं होईल.

मी जायचं बंद केलं

हे लिहावं की नाही, याचा खूप विचार केला. पण माझ्यासारखं दुसऱ्या कोणाच्या मनात येत असेल, म्हणून लिहिते. मी डायलिसिसला जायचं बंद केलं. एक पाळी चुकवली, मग दुसरी. अंग सुजलं. आडवं पडलं की बुडाल्यासारखं होई, म्हणून मी उशा रचून बसून होते. दिलीपने हात जोडले. मानसी जेवेना. मला दिसत होतं सगळं, पण ते काचेपलीकडे चाललंय असं वाटत होतं. मी भरपूर पाणी प्यायले. हवं तेवढं. त्याला चवही नव्हती.

एका सकाळी दादा आले. बाय गेल्यापासून ते माझ्या खोलीत आले नव्हते. उंबऱ्यातच उभे राहिले. बाहेर टेम्पो चालूच ठेवलेला होता.

"सुनीता," ते म्हणाले, "तिला मी उचलली. ते ओझं अजून खांद्यावरून उतरलं नाय. आता तुला उचलायला लावू नको."

मला धीर आला वगैरे काही नाही. मला श्वास घेता येत नव्हता आणि तो माणूस दारातून हलत नव्हता, म्हणून मी उठले. सेंटरमध्ये सिस्टरनी मला लगेच खाटेवर घेतलं. त्या दिवशी खूप पाणी काढावं लागलं. पोटरीत गोळे आले तेव्हा मी मोठ्याने ओरडले आणि बाहेर बसलेले दादा, नियम मोडून, आत आले. त्यांना पाय कसा दाबायचा ते माहीत नव्हतं. नुसता धरून बसले.

अजून

मी अजून जातेय. माझ्यासाठी किडनी मिळालेली नाही. मृत दात्याची मिळेल म्हणून नाव नोंदवलंय. फोन वाजला की अजून दचकते. कोणाच्या तरी घरात माणूस जाईल तेव्हा माझ्या घरी तो फोन येईल, हेही मला माहीत आहे, आणि तरी मी वाट बघते. दुःख कमी झालेलं नाही. त्याच्यासोबत रिक्षात बसायची सवय झालीय, एवढंच.

गेल्या महिन्यात सेंटरमध्ये एक नवीन बाई आली, विरारची. सोबत तिची धाकटी बहीण. धाकटी आत येऊन तिच्याजवळ बसायला बघत होती. शेजारच्या खाटेवर मी होते.

"मी देणार आहे हिला," धाकटी मला म्हणाली. "तपासण्यांचा फार त्रास होतो का हो?"

"नाही," मी म्हटलं. "त्रास काही नाही."

"तुमच्याकडे कोणी देणारं नाही का?"

"होती. मोठी बहीण."

"मग?"

खोटं सांगावं असं वाटलं. दोघी माझ्याकडे बघत होत्या. "तपासणीत तिचाच आजार निघाला," मी म्हटलं. "ती राहिली नाही."

मोठीचा चेहरा पांढरा पडला. "नको गं," ती बहिणीला म्हणाली. "नको तू काही करू. मी आहे अशी बरी आहे."

"करू द्या तिला," मी म्हटलं. "सगळ्या तपासण्या करू द्या. फक्त तिचं काही दुखत असेल तर ते तिने आधी सांगावं. तुमच्यासमोर सांगावं."

 धाकटी बॅगेच्या चेनशी चाळा करत राहिली. मग बहिणीकडे न बघता म्हणाली, "मला हल्ली जिना चढताना दम लागतो. तुला सांगितलं नव्हतं."

मोठी सुया लावलेल्या हातासकट उठायला गेली. मशीन वाजायला लागलं. सिस्टर धावत आल्या, पडून राहा, हात हलवू नका म्हणाल्या. तिने ऐकलं नाही. मोकळ्या हाताने तिने धाकटीचं मनगट पकडलं होतं.

"कधीपासून?" ती विचारत होती. "कधीपासून लागतो?"